काउंटीतली शाळा आणि तीन वर्षांचा करार

पत्र : माझे पती मिशिगनमध्ये मेडिसिनची रेसिडेन्सी पूर्ण करीत आहेत. जे-वन व्हिसामुळे लागू होणारी, दोन वर्षे भारतात परतून राहण्याची अट माफ व्हावी म्हणून त्यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातील एका कोळसा काउंटीच्या रुग्णालयात तीन वर्षांची नोकरी पत्करली आहे. मुलगा अकरा वर्षांचा असून ऑगस्टमध्ये सहावीत जाईल. मुलगी मे महिन्यात चार वर्षांची होईल. घर शोधताना संकेतस्थळावर तिथल्या माध्यमिक शाळेला दहापैकी तीन गुण दिसले आणि माझा धीरच सुटला. नाशिकला सासूबाई म्हणतात की मुलांच्या शिक्षणाचे वाटोळे करू नका. मी मुलांना घेऊन अडीच-तीन तासांवरच्या, नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराच्या उपनगरात राहावे आणि पतींनी शनिवार-रविवारी यावे, असा विचार चालला आहे. पती स्पष्ट काही बोलत नाहीत, पण त्यांना ते पटलेले नाही हे मला दिसते. मी काय करावे?

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि उत्तर आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला घराचा करार थोड्याच दिवसांत करायचा आहे. तुम्ही चौघांनी एकत्र जावे असे माझे मत आहे. मात्र शाळा डोळ्यांनी पाहिल्यावाचून जाऊ नये, आणि मुलगा नववीत जाण्याच्या आधी या निर्णयाचा पुन्हा विचार करावा. हे मत मी सहज देत नाही. माझे स्वतःचे शिक्षण माण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले आणि पुढे नैऋत्य व्हर्जिनियातील एका ग्रामीण काउंटीच्या हायस्कुलात मी एकोणीस वर्षे गणित शिकवले. तुमच्या काउंटीतून डोंगर ओलांडला की आमचीच काउंटी लागावी, इतकी ती दोन्हीकडची माणसे आणि शाळा सारख्या आहेत.

प्रथम त्या ‘दहापैकी तीन’विषयी. हा आकडा बऱ्याच अंशी परीक्षेतील सरासरी गुणांवरून निघतो, आणि सरासरी गुण हे शाळेपेक्षा शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरांविषयी अधिक सांगतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी देशभरातील शालेय जिल्ह्यांच्या गुणांचा मोठा संग्रह तयार केला. त्यातून असे दिसले की मुलांच्या सरासरी गुणांवर घरच्या आर्थिक स्थितीची दाट छाया असते, पण तिसरी ते आठवी या वर्षांत मुले किती पुढे सरकतात याचा त्या स्थितीशी संबंध बराच क्षीण असतो. अर्थात गरीब काउंटीतील एखादी शाळा मुलांना वर्षभरात वर्षाहून अधिक पुढे नेत असू शकते आणि तरीही तिच्या पाटीवर तीनच गुण दिसतात, कारण तिची मुले मागून निघालेली असतात. म्हणून राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचे जे प्रगतिपत्रक असते, ते उघडा. त्यात सरासरीच्या शेजारी प्रगतीचा वेगळा रकाना असतो आणि दीर्घ गैरहजेरीचाही असतो. शाळेच्या एकूण दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस, चुकवणारी मुले त्यात मोजली जातात. मला विचाराल तर हजेरीचा रकाना गुणांच्या रकान्याहून अधिक बोलका असतो, कारण वर्गातील एक-तृतीयांश मुले सतत गैरहजर असली की चांगला शिक्षकसुद्धा तोच धडा पुनःपुन्हा शिकवत राहतो.

तुमची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. २०२२ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य वाचन आणि गणित या दोन्हींत देशाच्या तळाशी असलेल्या थोड्या राज्यांपैकी होते. मात्र ते तिथे कसे पोहोचले हे समजून घेतले, तर शाळेत जाऊन कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप सुचेल.

या राज्यात ५५ काउंटी आहेत आणि प्रत्येक काउंटी हाच एक शालेय जिल्हा आहे. शेजारच्या काही राज्यांत श्रीमंत उपनगर आपला वेगळा जिल्हा करून बसते, तसे इथे होत नाही. काउंटीचे निवडून आलेले पाच सदस्यांचे शिक्षण मंडळ सगळ्या शाळा चालवते. पैसा राज्याच्या सूत्राप्रमाणे येतो, काही केंद्राकडून येतो आणि उरलेला स्थानिक मालमत्ता कराचा असतो. त्या कराच्या वर जादा कर बसवायचा असेल तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. कोळशाच्या काउंटीत मालमत्ता म्हणजे कोळसा आणि त्याच्या खाणी, त्यामुळे खाण बंद पडली की कराचा पायाच खचतो. मॅकडॉवेल काउंटीचे उदाहरण घ्या. १९५० च्या जनगणनेत तिथे ९८,८८७ माणसे होती, २०२० मध्ये १९,१११ उरली. माणसे गेली, त्यांच्याबरोबर मुले गेली, आणि मुलांच्या संख्येवर मिळणारा राज्याचा पैसाही गेला. १९८९ मध्ये राज्याने शाळा-बांधकामासाठी एक प्राधिकरण नेमले, आणि पुढच्या दशकभरात लहान शाळा बंद करून मोठ्या एकत्रित शाळा उभारण्याचा धडाका लागला. त्यात राज्यभरातील तीनशेहून अधिक शाळा बंद झाल्या. आपल्याकडे कमी पटाच्या वस्तीशाळा बंद करण्याचा विषय निघाला की गावकरी जे बोलतात, तेच शब्द मी त्या डोंगरांत इंग्रजीतून ऐकले आहेत : शाळा गेली की गाव गेले.

या लोकांनी हे मुकाट्याने सोसले असेही नाही. १९७५ मध्ये लिंकन काउंटीतील पालकांनी राज्यावर दावा लावला की आमच्या मुलांना मिळणारे शिक्षण राज्यघटनेच्या कसोटीला उतरत नाही. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९८२ मध्ये न्यायाधीश आर्थर रेक्ट यांनी संपूर्ण व्यवस्था अपुरी असल्याचा विस्तृत निकाल दिला. दावा लावणारी माणसे साध्या घरांतली होती. त्याच काउंट्यांतील पालकांच्या शेजारी तुम्ही सभेला बसणार आहात. म्हणून ही मंडळी शिक्षणाविषयी उदासीन आहेत, असा ग्रह मनात धरून जाऊ नका.

आता शाळेत गेल्यावर काय पाहायचे. भिंतींचा रंग, संगणकांची संख्या, व्यायामशाळेचे लाकूड यांकडे पाहू नका. मुख्याध्यापकांना एकच प्रश्न शांतपणे विचारा : सहावी, सातवी आणि आठवीच्या गणिताला शिक्षक कोण आहेत, त्यांच्याकडे त्या विषयाचा पूर्ण परवाना आहे का, आणि ते या शाळेत किती वर्षे आहेत? ग्रामीण काउंटीचे खरे दुखणे शिक्षक मिळण्यात आणि टिकण्यात आहे. पगार कमी, शेजारच्या राज्यात थोडा जास्त, आणि राहायला घर नाही. मॅकडॉवेलच्या शाळांचा कारभार राज्याने २००१ पासून २०१३ पर्यंत स्वतःच्या हाती ठेवला होता, तरी जागा भरत नव्हत्या. शेवटी शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने २०११ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून वेल्च गावात शिक्षकांना राहण्यासाठी नवी इमारत बांधावी लागली. शाळेच्या गुणवत्तेचा प्रश्न भाड्याच्या खोलीपाशी येऊन थांबतो, हे शहरातल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

माझ्या हायस्कुलात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे प्रत्यक्ष भोगले आहे. एका वर्षी खालच्या शाळेत आठवीच्या गणिताला शिक्षकच मिळाला नाही आणि वर्षभर बदली शिक्षकांनी वर्ग सांभाळला. ती माणसे भली होती, पण गणित त्यांचा विषय नव्हता. पुढच्या ऑगस्टमध्ये ती मुले माझ्यासमोर बसली, तेव्हा अपूर्णांकांची बेरीज येणारी मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येत होती. मुले तीच, घरे तीच, बस तीच. आदल्या वर्षीची तुकडी बीजगणित करत होती. फरक एका माणसाचा होता. आणि याची दुसरी बाजूही त्याच डोंगरांत आहे. मॅकडॉवेलमधल्या कोलवूड या खाणगावातल्या मुलांनी अग्निबाणांचे प्रयोग करून १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पदक मिळवले, त्यांच्या बिग क्रीक हायस्कुलात फ्रीडा रायली नावाच्या तरुण शिक्षिका भौतिकशास्त्र शिकवीत होत्या. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. ते हायस्कूलही २०१० मध्ये बंद झाले.

तेव्हा गणिताचे शिक्षक चार-पाच वर्षे टिकलेले आहेत असे कळले, तर त्या शाळेविषयीची माझी निम्मी काळजी मिटेल. जागा रिकामी असेल किंवा तात्पुरत्या परवान्यावर भरलेली असेल, तरी जा, पण मग मुलाच्या गणिताची जबाबदारी घरी घ्या. आठवड्यातून चार दिवस, रोज पाऊण तास, ठरलेल्या वेळी. ‘वेळ मिळेल तेव्हा बसू’ असे म्हटले की ते होत नाही, हे आई म्हणून तुम्ही जाणताच. राज्याची आभासी शाळा आहे, तिच्यातून एखादा विषय घेता येईल का हेही समुपदेशकांना विचारा. सहावीतच त्यांच्या कानावर घाला की मुलाने आठवीत बीजगणित घ्यावे अशी तुमची इच्छा आहे. शहरातील पालक हे दोन वर्षे आधी मागतात आणि गावाकडचे पालक शाळा देईल ते घेतात, एवढ्यानेच पुढे हायस्कुलातल्या वाटा वेगळ्या होतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. वेस्ट व्हर्जिनियात पहिली ते आठवीच्या विशेष बुद्धिमान मुलांची सोय विशेष शिक्षणाच्याच नियमांत बसवलेली आहे. मूल निकषांत बसले तर त्याच्यासाठी लेखी वैयक्तिक आराखडा करणे शाळेला बंधनकारक होते, आणि तो आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत पालक बरोबरीने बसतात. तुमचा मुलगा तसा असावा असे वाटत असेल, तर चाचणीची मागणी तोंडी करू नका. तारीख घालून पत्र द्या आणि प्रत ठेवा. शिक्षक कमी असलेल्या शाळेत तोंडी विनंती विसरली जाते, कागद विसरला जात नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र मला फारशी चिंता वाटत नाही, उलट तुम्ही योग्य राज्यात योग्य वेळी जात आहात. चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी पूर्वप्राथमिक वर्ग उपलब्ध करून देण्याचा कायदा या राज्याने २००२ मध्ये केला आणि दहा वर्षांत तो सगळ्या काउंट्यांत पोहोचवला. उत्पन्नाची अट नाही, शुल्क नाही. वय मोजण्याची तारीख मात्र आजच विचारून घ्या. त्यापुढचे पाऊल २०२३ चे आहे. त्या वर्षी केलेल्या कायद्याने पहिली ते तिसरीच्या वर्गांत टप्प्याटप्प्याने साहाय्यक शिक्षक दिले, वाचनाच्या चाचण्या वर्षातून अनेकदा घ्यायला लावल्या आणि अक्षर-ध्वनींवर आधारलेली वाचनपद्धती बंधनकारक केली. ही वाट मिसिसिपीने आधी चालून दाखवली आहे. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात ते राज्य देशात ४९ वे होते. त्याच वर्षी त्यांनी वाचनाचा कायदा केला, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, शाळांत वाचनाचे मार्गदर्शक पाठवले, आणि २०२४ मध्ये ते ९ व्या क्रमांकावर आले. गरीब, ग्रामीण राज्याला चांगले वाचायला शिकवता येत नाही, हा समज त्या एका उदाहरणाने खोटा ठरला आहे, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

नाव नोंदवताना घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न असलेला एक अर्ज मिळेल. तिथे ‘मराठी’ असेच लिहा. काही मराठी पालक मुलाला मागे बसवतील या भीतीने ‘इंग्रजी’ लिहितात. तसे करू नका. इंग्रजी येत असेल तर छोट्या चाचणीनंतर प्रश्न मिटतो, आणि मुलीला कमी येत असेल तर १९७४ च्या लाऊ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालापासून शाळेला मदत देणे भाग आहे, भले सगळ्या शाळेत ती मराठी बोलणारी एकटीच असो. तुमच्या व्हिसाचाही प्रवेशाशी संबंध नाही. १९८२ मध्येच त्याच न्यायालयाने तो प्रश्न मुलांच्या बाजूने निकाली काढला आहे.

बसचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. शाळा एकत्र केल्यापासून डोंगरातील मुले वळणावळणाच्या अरुंद रस्त्यांनी रोज लांबचा प्रवास करतात. फोंडा घाटातून रोज दोनदा जाण्याची कल्पना करा, आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ घाला. राज्याच्या नियमावलीची शिफारस एका बाजूच्या प्रवासाला प्राथमिकसाठी अर्धा तास, मधल्या शाळेसाठी पाऊण तास आणि हायस्कूलसाठी एक तास अशी आहे, पण ती शिफारस आहे. म्हणून रुग्णालयाच्या जवळचे घर की शाळेच्या जवळचे, असा पेच पडला तर शाळेच्या जवळचे घ्या. तुमचे पती गाडीने जाऊ शकतात. मुलगा संध्याकाळी साडेचारला थकून उतरला, तर वर सांगितलेला पाऊण तास कुठून काढणार?

वर्गात त्याच्या शेजारी कोण असेल, ही भीती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ओळींच्या मधून ती मला वाचता आली. होय, त्या वर्गात अशी मुले असतील की ज्यांना आजी-आजोबा वाढवत आहेत, कारण आई-वडील वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात गेले. घरी रात्री पोलीस आले होते, अशी मुले असतील. याच राज्यात २०१३ मध्ये चार्ल्स्टन शहरापासून एक पद्धत सुरू झाली की पोलिसांना एखाद्या घटनेच्या जागी मूल दिसले, तर दुसऱ्या दिवशी शाळेला एवढाच निरोप जातो : या मुलाला जपून सांभाळा. काय घडले ते सांगत नाहीत. बाई त्या दिवशी त्याची परीक्षा घेत नाहीत, त्याला डुलकी लागली तर उठवत नाहीत. २०१८ मध्ये पगार आणि आरोग्यविम्यासाठी सगळ्या ५५ काउंट्यांतील शिक्षक संपावर गेले आणि शाळा नऊ दिवस बंद राहिल्या. पण शाळेतले जेवण हेच ज्यांचे मुख्य जेवण आहे त्या मुलांसाठी, संपावर जाण्याआधी या शिक्षकांनी अन्नाच्या पिशव्या भरून ठेवल्या. अशा शिक्षकांच्या हाती आपली मुले तीन वर्षे देण्यात मला धोका दिसत नाही. तुमच्या पतींना दवाखान्यात भेटणारी माणसे आणि तुमच्या मुलाचे वर्गमित्र ही एकाच घरातली असतील, तेव्हा त्याला वडिलांचे काम काय आहे ते जवळून कळेल.

आता शार्लटविषयी. शाळेसाठी कुटुंबाची फाळणी करणे ही त्या डोंगरांना नवी गोष्ट नाही. नासाच्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन याच राज्यातील ग्रीनब्रायर काउंटीत वाढल्या. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीनंतर शाळाच नव्हती. म्हणून त्यांच्या आई-वडिलांनी सुमारे सव्वाशे मैलांवरच्या इन्स्टिट्यूट या गावी घर घेतले, शाळेच्या महिन्यांत आई मुलांना घेऊन तिथे राही, आणि वडील कामासाठी काउंटीत मागे राहत. चौदाव्या वर्षी त्यांचे हायस्कूल पूर्ण झाले आणि अठराव्या वर्षी पदवी. त्या आई-वडिलांनी जे केले ते करण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग नव्हता. तुमच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडे आहे, मोफत आहे, आणि घरात शिकलेली आई आहे. तीन वर्षे मुलांना वडील फक्त शनिवार-रविवारी दिसावेत, तेही रात्रपाळी नसेल तर, एवढी किंमत देण्याजोगे शार्लटच्या उपनगरात काय आहे, ते तुम्ही कागदावर लिहून पाहा. दोन घरांचे भाडे त्याच कागदावर लिहा. नव्या गावात पहिल्या वर्षी डॉक्टर किती एकाकी असतो, हेही लिहा. पती बोलत नाहीत असे तुम्ही म्हणता. करारावर सही करण्यापूर्वी त्यांना बोलते करा, कारण पुढे दूर राहून ते अधिकच अवघड होईल.

खासगी शाळेचा किंवा घरीच शिकवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. २०२१ च्या कायद्याने राज्य त्यासाठी पालकांना ‘होप’ शिष्यवृत्तीची रक्कम देते. पण अशा काउंटीत खासगी शाळा मुळात थोड्या, त्यातल्याही बऱ्याच चर्चच्या, आणि प्रत्येक मूल बाहेर पडले की काउंटीच्या शाळेचा पैसा तेवढा कमी होतो. नव्या गावात आलेल्या मुलाला मित्र शाळेतच मिळतात. मी हा मार्ग तुम्हाला सुचवणार नाही.

हायस्कूलच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. लहान हायस्कुलात उच्च गणित, भौतिकशास्त्र, दुसरी परदेशी भाषा हे विषय एखाद्या वर्षी असतात आणि शिक्षक गेला की पुढच्या वर्षी नसतात. तुमचा तीन वर्षांचा करार संपेल तेव्हा मुलगा आठवी पूर्ण करत असेल, म्हणजे निर्णयाची वेळ आपोआपच योग्य ठिकाणी येते. आठवीच्या डिसेंबरात त्या हायस्कुलाची विषयांची यादी मागवा, गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्षात कोणते वर्ग भरले ते विचारा, आणि मग ठरवा. तोवर शिक्षण मंडळाच्या सभांना जात राहा. त्या खुल्या असतात, बोलायला वेळ देतात, आणि अनेकदा खुर्च्या रिकाम्या असतात. शाळेच्या सुधारणा समितीत पालकांच्या जागा असतात, पहिले वर्ष संपल्यावर त्यासाठी नाव द्या. डॉक्टरांचे कुटुंब आमच्या गावात राहिले, आमच्याच शाळेत मुले घातली, ही गोष्ट अशा काउंटीत फार दूरवर पोहोचते.

सासूबाईंना सांगण्यासारखीही एक गोष्ट आहे. या राज्यात १९३१ पासून आठवीच्या मुलांची राज्याच्या इतिहासावर परीक्षा होते. प्रत्येक काउंटीतून किमान दोन मुले निवडतात, त्यांना राजधानी चार्ल्स्टनला नेऊन खांद्याला तलवार टेकवून ‘गोल्डन हॉर्सशू’चा मान देतात. खाणकामगाराच्या घरात आजोबांची ती छोटी सोनेरी नाल जपून ठेवलेली मी पाहिली आहे. तुमचा मुलगा तिसऱ्या वर्षी याच इयत्तेत असेल. नाशिकच्या आजींना आपल्याकडच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे महत्त्व ठाऊक आहे, त्यांना हे पटकन समजेल.

या आठवड्यात दोन्ही शाळांच्या कार्यालयांत दूरध्वनी करा आणि मे महिन्यातील एखाद्या कामाच्या दिवशी भेट मागा, सुट्टीच्या दिवशी नव्हे. मुलाला बरोबर न्या आणि एक तास वर्गात बसू देण्याची परवानगी मागा. सकाळी लवकर निघून तुम्ही पाहिलेल्या घरापासून शाळेपर्यंत बसच्या मागोमाग गाडी चालवा आणि घड्याळ लावा. मिशिगनच्या शाळेतून मुलाचे गुणपत्रक, चाचण्यांचे निकाल आणि लसीकरणाची नोंद यांच्या प्रती आत्ताच घ्या, कारण हे राज्य लसींबाबत काटेकोर आहे आणि सातवीच्या प्रवेशाला आणखी दोन लसी लागतात. गणिताच्या शिक्षकांविषयी काय उत्तर मिळाले ते मला कळवा. मुलाच्या वह्या पाहून तीन वर्षांचा घरच्या अभ्यासाचा आराखडा मी तुम्हाला करून देईन.